गजभियेताईंची रेघ

कॅनडातल्या सस्काटूनच्या एका लॅबने आम्हा नऊ घरांना फसवलं. वर्षभर फसवलं, आणि त्यासाठी एका मेलेल्या बाईचं नाव वापरलं.

बाईंचं नाव शोभना गजभिये. त्या नागपूरच्या. त्या लॅबमध्ये पाण्यातलं आर्सेनिक मोजायच्या. मी जालन्याचा. जमीन घेतो, तुकडे पाडतो, विकतो. लॅबचं नाव इथे लिहीत नाही, कारण वकिलाने माझा हात धरून ठेवलाय. बाईंचं लिहितो. त्यांना आता कोणाची भीती नाही, आणि जिवंतपणीही असल्याचं मला दिसलं नाही.

शहरापासून वीस मिनिटांवर मी एक तुकडा घेतला होता. नऊ प्लॉट, एकच बोअर, एकच पंपघर. त्यातलं एक घर माझं. प्लॉट विकायच्या आधी पाणी तपासावं लागतं, म्हणून नमुना दिला. आर्सेनिकचा आकडा आला अकरा, लिटरमागे मायक्रोग्रॅम. इथली मर्यादा दहा. एका आकड्यासाठी माझं सगळं काम अडलं. आयुष्यात घराच्या भिंती लावणाऱ्या ड्रायवॉलवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत कोणाशी भाव केल्याशिवाय मी परतलो नव्हतो, तर एका आकड्याने काय घोडं मारलंय, असं म्हणून मी गाडी काढली.

समोर आली एक बुटकी बाई. पांढऱ्या कोटाखाली स्वेटर आणि त्या स्वेटरखाली आणखी एक स्वेटर. बाहेर उणे तीस. कोटावरचं नाव वाचलं आणि मी सरळ मराठीत सुरू झालो.

"ताई, आपण गाववाले. अकराचे दहा करा की."

"कोणत्या गावचे?"

"जालना."

"मी नागपूरची. मधात अख्खा विदर्भ आहे भाऊ."

"मग साडेदहा तरी करा."

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही बाजारात भाजी घेता, तेव्हा काटा कोणाचा असते?"

"विकणाऱ्याचा."

"तो खरा का खोटा, कसं पाहता?"

"घरचं किलोचं वजन खिशात नेतो. आधी ते टाकून बघतो." हे मी खरोखर करायचो. जालन्याच्या मंडईत त्यावरून माझी दोनदा मारामारी झालेली आहे.

"मग या," त्या म्हणाल्या, "माझी वजनं दाखवते."

आतल्या खोलीत यंत्र सतत गुणगुणत होतं. त्याच्या शेजारी सात छोट्या बाटल्या ओळीने. पहिलीत नुसतं शुद्ध पाणी आणि थोडं ॲसिड. "हे कोरं," त्या म्हणाल्या. पुढच्या बाटलीत एक, मग दोन, पाच, दहा, वीस, पन्नास. "यांच्यात किती आर्सेनिक आहे ते मला माहीत आहे, कारण मीच टाकलं. यंत्राला माहीत नाही. ते बिचारं फक्त टिकटिक मोजते. किती कण आले, एवढंच. दहावालीला पंधरा हजारांच्या आसपास, वीसवालीला तीस हजार. हे ठिपके कागदावर मांडायचे. त्यांच्यातून रेघ ओढायची. मग तुमचं पाणी लावायचं. त्याची टिकटिक रेघेवर कुठे बसते पाहायचं, तिथून सरळ खाली उतरायचं अन् आकडा वाचायचा. रेघ आधी, पाणी मग."

संगणक ही रेघ क्षणात काढतो. बाई तरीही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने ती स्वतः काढायच्या, स्टीलच्या पट्टीने. नंतर संगणकाची रेघ शेजारी धरून बघायच्या.

"आता सांगा, अकराचे दहा कुठून करू? रेघ वाकवू?"

"थोडीशी."

"थोडीशी वाकवली, तर तुमच्या आधी आला त्याचं पाणी वाकते. तुमच्या मागून येईल त्याचंही वाकते."

मी भाव सोडला. भाव मी फार वेळा सोडत नाही. पंपघरात फिल्टर बसवला, आकडा तीनवर आला, प्लॉट विकले गेले. फिल्टर कायमचा टिकत नाही. त्यातला माल हळूहळू भरत जातो आणि एक दिवस तो आर्सेनिक धरायचं सोडून देतो, कधीकधी आधी धरलेलंही पाण्यात परत सोडतो. तो दिवस चवीवरून कळत नाही, वासावरून नाही, रंगावरूनही नाही. तो फक्त बाईंच्या रेघेवर दिसतो. म्हणून दर तीन महिन्यांनी नमुना द्यायचा असं ठरलं. मी एक अट घातली. नुसता आकडा नको, त्या दिवशीच्या रेघेचं पानही रिपोर्टला जोडा.

"असं कोणी मागत नाही," बाई म्हणाल्या.

"मी मागतो. माप बघितल्याशिवाय माल घेत नाही."

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "तुमच्या फाइललाच लावून टाकते. दर वेळी आपोआप येईल."

त्यानंतर नमुना मी स्वतः नेऊन द्यायला लागलो. कामापेक्षा बाईंना बघायला. त्यांच्याजवळ उभं राहिलं की मानेमागून गार वारा गेल्यासारखं वाटायचं, आणि तरी परत जावंसं वाटायचं.

सकाळी नऊला त्या कोरं पाणी लावायच्या. ते मोजलं जाईपर्यंत खोलीत कोणी बोलायचं नाही. त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या, मान थोडी तिरकी, दाराबाहेर कोणी आलंय का याचा कानोसा घेतल्यासारखी. एकदा मी विचारलं, "ताई, यात काहीच नाही, मग ऐकता काय?"

"काहीच नाही, हे ऐकते."

रेघ रोज नवी. काल संध्याकाळी काढलेली रेघ आज सकाळी चालायची नाही. "यंत्र झोपून उठलं की तेच नसते भाऊ. थंडी असते, गॅस बदलते, आतली काच मळते, ते म्हातारं होत जाते. कालच्या रेघेने आजचं पाणी मोजणं म्हणजे मेलेल्या माणसाच्या चष्म्यातून पाहणं." त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात म्हटलं होतं की तेव्हा मला त्यात काही भयंकर वाटलं नाही.

सात बाटल्यांशिवाय एक आठवी असायची. तिला त्या साक्षीदार म्हणायच्या. तिच्यातलं आर्सेनिक वेगळ्या कंपनीच्या बाटलीतून घेतलेलं. दर दहा नमुन्यांनंतर साक्षीदार मध्येच उभा करायचा. तो दहाच्या जागी दहा बोलला तर पुढे जायचं, नाहीतर मागचं सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. "साक्षीदार त्याच घरचा घ्यायचा नाही. सख्ख्या भावाची साक्ष कोण धरते?"

आणि शेवटच्या ठिपक्यापुढे त्या जायच्या नाहीत. एकदा कोणा शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी पन्नासच्याही वर गेलं. संगणकाने रेघ पुढे ओढून खुशाल त्र्याऐंशी सांगितलं. त्यांनी तो आकडा खोडला, पाणी पाचपट पातळ केलं आणि पुन्हा मोजायला लावलं. मी म्हटलं, एवढं कशाला, त्र्याऐंशी तर त्र्याऐंशी. तर म्हणाल्या, "पन्नासच्या पुढे मशीन बोलते. मी नाही बोलत."

माणसांच्या बाबतीतही हेच. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला त्या दर वर्षी यायच्या. कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये वंदना, भाषणं, मग जेवण. एका वर्षी मीही गेलो होतो. एका बाईने कौतुकाने आपला मुलगा पुढे केला, "ताई, मेडिकलला लागेल ना हा?" गजभियेताईंनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं. "बारावीपर्यंतचे ठिपके दिसून राहिले. चांगले आहेत. पुढचं मला माहीत नाही." त्या बाईने मुलाला असं मागे ओढलं, जणू कोणी त्याला शाप दिला. मी तिथेच हसलो, आणि माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं.

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट बाईंनी मला तुकड्यातुकड्यांत सांगितली. एका सोमवारी कोरं बोललं. ज्यात काही नाही त्या बाटलीतून आर्सेनिकची टिकटिक आली. थोडीच, पण आली. मॅनेजर ग्रेग म्हणाला, एवढं वजा करून टाक आणि पुढे जा. बाई म्हणाल्या, आधी कोण आहे ते पाहू.

त्यांनी पाणी बदललं. ॲसिड बदललं. बाटल्या, नळ्या, हातमोजे बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा त्यांचा नियम. आठवडा गेला. कोरं रोज बोलत होतं. मग शुक्रवारी त्यांना दात काढायला जायचं होतं, म्हणून दुसऱ्या एका मुलीने कोरं बनवलं. ते गप्प. सोमवारी बाई परत आल्या, त्यांनी बनवलं, आणि ते पुन्हा बोलायला लागलं.

"मग मला समजलं," त्या म्हणाल्या. "कोऱ्यात मी होते."

सांधे दुखत म्हणून त्या एक भस्म घ्यायच्या. कोणा वैद्याचं, नातेवाईक नागपूरहून पाठवायचे, रोज सकाळी मधात चिमूटभर. बोटांवर, स्वेटरच्या बाहीत त्याची धूळ. त्यांनी ते भस्म पाण्यात विरघळवलं आणि मोजलं. पाचपट पातळ करून भागलं नाही. हजारपट करावं लागलं.

"किती वर्षं घेत होता?"

"सहा."

"अन् तुम्ही आर्सेनिकच्या लॅबमध्ये बसून?"

"गावचं औषध कोणी मोजून पाहते काय भाऊ?"

डबा त्यांनी फेकला. दीड वर्षाने पोटाचं दुखणं निघालं, आणि ते साधं नव्हतं. मी रागाने म्हणालो, "त्या वैद्याला कोर्टात खेचा. नाव सांगा, जालन्याहून माणसं पाठवतो." त्या पलंगावर बसल्या बसल्या हाताच्या बोटांकडे बघत होत्या. "भस्म हा एक ठिपका. आजार हा दुसरा. दोन ठिपक्यांतून कोणतीही रेघ जाते भाऊ. तिसरा पाहिजे." तिसरा ठिपका मिळवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त स्वच्छ माहीत होतं.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्या स्वतः आमच्याकडे नमुना घ्यायला आल्या. असं आधी कधी झालं नव्हतं. बाहेर रखरखीत ऊन, आणि बाई हिवाळ्याच्या जॅकेटमध्ये. पंपघरात त्यांनी नळ पाच मिनिटं सोडून ठेवला. मी बडबडत होतो, त्यांनी बोट ओठावर ठेवलं. पाणी वाहत होतं आणि त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. मग बाटली भरली, नाव लिहिलं, झाकण दोनदा तपासलं.

"नोव्हेंबरात कोणी दुसरं मोजेल," त्या म्हणाल्या. "त्याला रेघ विचाराल."

"विचारीन."

"नुसता आकडा घेऊन घरी नका जाऊ."

"अहो, मी? मी घेईन?"

सप्टेंबरात त्या गेल्या. फ्युनरल होममध्ये वीसेक माणसं होती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. ग्रेगही आला होता. काळा कोट घालून रडला. खोटा रडला असं मी म्हणणार नाही.

नोव्हेंबरात मी नमुना दिला. रिपोर्ट आला: चार. फेब्रुवारीत चार. मेमध्ये पाच. या ऑगस्टमध्ये पुन्हा चार. मी प्रत्येक वेळी शेवटचा आकडा वाचला आणि फाइल बंद केली. ज्या माणसाने खिशातून वजन नेऊन काटे तपासले, त्याने वर्षभर पान उलटलं नाही.

मग चौथ्या प्लॉटवरचा मनिंदर आला. त्याची बायको पोटुशी. "अंकलजी, डॉक्टर पूछ रही थी वेल वॉटर का. रिपोर्ट है ना आपके पास?"

"सब है बेटा, एकदम क्लीन है," म्हणत मी सगळे रिपोर्ट स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरले. दुपार होती. खिडकीतून ऊन थेट कागदांवर पडत होतं. मनिंदर आकडे बघत होता. माझी नजर जोडलेल्या पानांवर गेली. ती अजून येतच होती. बाईंनी फाइलला लावून ठेवली होती ना.

नोव्हेंबर. कोरं: शून्य पूर्णांक शून्य तीन. रेघेचा चढ, म्हणजे एका आकड्यामागे किती टिकटिक: चौदाशे ब्याऐंशी पूर्णांक सहा. साक्षीदार: नऊ पूर्णांक सत्याऐंशी.

फेब्रुवारी. शून्य पूर्णांक शून्य तीन. चौदाशे ब्याऐंशी पूर्णांक सहा. नऊ पूर्णांक सत्याऐंशी.

मे तेच. ऑगस्ट तेच.

मी बाईंच्या हयातीतली जुनी पानं काढली. सगळी वेगळी. चढ कधी वर, कधी खाली, कोरं कधी शून्य पूर्णांक शून्य दोन, कधी शून्य पूर्णांक शून्य पाच. जो दुकानदार वर्षभर टोमॅटोचा एकच भाव सांगतो, तो टोमॅटो बघतच नाही, हे समजायला रसायनशास्त्र लागत नाही. मग मागच्या वर्षीच्या ऑगस्टचं पान सापडलं, ज्याचं पाणी बाई स्वतः घेऊन गेल्या होत्या. चौदाशे ब्याऐंशी पूर्णांक सहा. ती त्यांची शेवटची रेघ. आणि नंतरच्या चारही पानांवर सगळ्यात खाली छापलेलं: मोजणारी व्यक्ती, शोभना गजभिये. त्यांनी फेब्रुवारीत माझं पाणी मोजलं होतं. मेमध्येही. मनिंदर विचारत होता, "क्या हुआ, अंकलजी?" आणि मी चारही पानं पुन्हा पहिल्यापासून लावत होतो.

त्याच दिवशी नळाचं पाणी बाटलीत भरलं आणि गाडी चालवत रेजिना शहरातल्या दुसऱ्या लॅबला नेऊन दिलं. आकडा आला एकोणीस. बाई म्हणायच्या तसंच झालं होतं. वर्षभरात यंत्र म्हातारं झालं, टिकटिक मंदावली, आणि जुन्या, तरण्या रेघेवर ठेवल्यावर एकोणीस चारसारखे दिसत राहिले. फिल्टर कधी संपला, कोणालाच माहीत नाही. नऊ घरं तेच पाणी प्यायली. मनिंदरची बायको तेच प्यायली.

मी लॅबमध्ये घुसलो. ग्रेग बाहेर आला. मी पानं त्याच्या छातीवर आपटली.

"ही बाई मेली. तू तिथे होतास. तू रडलास!"

तो पानं बघत राहिला. अशी पानं ग्राहकाला जातात, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मग हळू म्हणाला, "माणूस मिळाला नाही. रोज सकाळी नवी रेघ काढायला दोन तास जातात. तिची पद्धत सेव्ह केलेली होती, तिच्या लॉगिनखाली." जरा थांबून म्हणाला, "ती अजून सिस्टिममध्ये आहे. एवढंच."

एवढंच. मी त्याला बाजूला सारून आतल्या खोलीच्या काचेपाशी गेलो. खोलीत माणूस नव्हता. दिवे चालू, यंत्र गुणगुणतंय, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली. यंत्राचा बारीक हात आपोआप उचलला गेला, बाजूला सरकला आणि बाटल्यांच्या ओळीवर आला. पहिल्या सात जागा रिकाम्या होत्या. तो त्यांच्यावरून न थांबता गेला, कोणाच्या तरी घरच्या पाण्यात सुई बुडवली आणि थांबला. पडद्यावर कोपऱ्यात हिरवी अक्षरं: शोभना गजभिये, काम चालू आहे. काचेला कान लावून मी उभा होतो. बाईंना मी शेवटचं बघितलं ते असं. त्या नव्हत्या, आणि काम करत होत्या.

माझा हिशेब मी दिला आहे. नऊच्या नऊ घरांची दारं वाजवून सांगितलं, पान उलटायचं माझं काम होतं, मी ते केलं नाही. मनिंदरने माझ्या तोंडावर दार लावलं. लावायलाच पाहिजे होतं. त्याची बायको आता दर आठवड्याला रक्त तपासायला जाते, आणि डॉक्टर काही ठामपणे सांगत नाहीत.

आता तुमची पाळी, ग्रेग. वर्षभर रोज सकाळी त्या खोलीत जाऊन बटण कोणी दाबलं? आमच्याशिवाय आणखी किती विहिरी त्या रेघेवर मोजल्या? वकिलामार्फत नको, पत्राने नको. बाईंचं नाव पडद्यावरून काढा, तिथे स्वतःचं लिहा, आणि नऊ घरांसमोर उभं राहून उत्तर द्या.